तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत

2025 च्या संक्रांतीला मुलाचा फोन आला, "आई, बाबा, या उन्हाळ्यात तुम्ही यायचंच." तो जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात राहतो. इंदूरला आमच्या सुदामानगरात अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत: मुलं युरोपात आणि इकडे साठी ओलांडलेले दोघं जण. ऑगस्टमध्ये परत आल्यापासून त्या घरांतून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून व्हिसापासून परतीपर्यंत सगळं ओळीनं लिहून ठेवते. ज्यांची मुलं दिवसभर कामाला जातात आणि ज्यांना परक्या गावात एकट्यानं दिवस काढायचा आहे, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे.

सुरुवात मुलाच्या बाजूनं होते, आपल्या नाही. राहण्या-खाण्याचा आणि गरज पडल्यास उपचारांचा खर्च मी करीन, असं हमीपत्र त्याला तिकडच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून करून घ्यावं लागतं. त्याला 'फेरप्फ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग' म्हणतात. शब्द पाठ करायची गरज नाही, पण कागद तोच हवा. साधं आमंत्रणपत्र वेगळं आणि हे वेगळं. शुल्क 29 युरो. सोबत पगाराच्या पावत्या आणि घराचा भाडेकरार लागतो. त्याला अपॉइंटमेंट साडेपाच आठवड्यांनंतरची मिळाली. मूळ कागद कुरियरनं इंदूरला यायला आणखी नऊ दिवस लागले. व्हिसाचा अर्ज देताना हा कागद सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, म्हणून फार आधी करून ठेवण्यातही अर्थ नाही.

या कागदावर आपली नावं पासपोर्टबरहुकूम हवीत. मराठी घरांत गडबड होते ती इथेच. माझ्या पासपोर्टवर नाव आणि नवऱ्याचं नाव एकत्र एका रकान्यात आहे, आडनाव दुसऱ्या रकान्यात. बँकेच्या पासबुकावर मधलं नाव नाही आणि विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं नाव. मुलानं सवयीनं मधलं नाव गाळून फॉर्म भरला होता, सुदैवानं जमा करण्याआधी लक्षात आलं. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा स्वच्छ फोटो मुलाला पाठवा आणि त्यावर पाहून एकेक अक्षर भरायला सांगा.

तिकिटाच्या तारखा ठरवताना आम्ही साधा हिशेब केला होता: 26 मे ला उतरायचं, 26 ऑगस्टला निघायचं, झाले तीन महिने. हा हिशेब चुकीचा आहे. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं आणि उतरल्याचा दिवस व निघाल्याचा दिवस दोन्ही मोजले जातात. मे चे 6, जूनचे 30, जुलैचे 31 आणि ऑगस्टचे 26 मिळून होतात 93. तीन दिवस जास्त. दंड, पुढच्या वेळी व्हिसाला अडचण, प्रवेशबंदीसुद्धा होऊ शकते. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजा. आमचा नव्वदावा दिवस 23 ऑगस्टला येत होता, आम्ही 21 चं तिकीट काढलं. विमान रद्द झालं तर हाताशी दोन दिवस राहतात आणि 27 ला गणपती बसायच्या आत घरी पोचता येतं. व्हिसा हातात आला की त्यावरचे दिवसही वाचा. वैधतेच्या दोन तारखांमधलं अंतर मोठं दिसतं, पण राहायचे दिवस वेगळ्या रकान्यात असतात आणि तेच खरे.

मध्य प्रदेशचे अर्ज जर्मनीच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि शेवटची मुदत 15 दिवस आधीची, पण तितकं थांबू नका. नेहमी 15 दिवसांत निकाल लागतो, पण 45 दिवस लावण्याची त्यांना मुभा आहे. आम्ही 2 एप्रिलला अवंतिका एक्सप्रेसनं निघालो, 3 ला सकाळी मुंबईत व्हीएफएसच्या (दूतावासासाठी अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या) केंद्रात कागद दिले आणि त्याच रात्रीच्या गाडीनं परतलो. व्हिसाचं शुल्क माणशी 90 युरो, रुपयांत त्या दिवसाच्या दरानं. त्यावर केंद्राचं सेवाशुल्क आणि कुरियरचे पैसे वेगळे. फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा लागतो. नेहमीचा पासपोर्ट फोटो नेला तर तिथे पुन्हा काढावा लागतो, म्हणून फोटोवाल्याला माप आधीच सांगा.

फायलीत आम्ही ठेवलं होतं ते असं: सही केलेला अर्ज, पासपोर्ट (परतीनंतर किमान तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन पानं कोरी), हमीपत्राची मूळ प्रत, मुलाच्या पासपोर्टची आणि निवास परवान्याची प्रत, येण्याजाण्याचं आरक्षण, विमा, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पेन्शनचे कागद, आयकर विवरण, घराचे कागद. शेवटचे तीन महत्त्वाचे, कारण अर्ज पाहणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो की ही माणसं परत जातील का. विमा किमान 30,000 युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांसाठी हवा. आम्हा दोघांचा मिळून अठरा हजारांच्या आसपास आला. आधीपासूनच्या आजारांना तो बहुधा लागू होत नाही, हे एजंट आपणहून सांगत नाही. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी ते कलम वाचूनच पॉलिसी घ्यावी.

दहाही बोटांचे ठसे घेतात. वर्षानुवर्षं भांडी घासलेल्या बोटांचे ठसे पुसट येतात. माझे तिसऱ्या खेपेला आले. बोटं कोमट पाण्यानं धुऊन, पुसून, किंचित क्रीम चोळून ठेवली की मशीन लवकर घेते. हे ठसे 59 महिने पुन्हा वापरता येतात. पासपोर्ट 22 एप्रिलला कुरियरनं घरी आला. त्या एकोणीस दिवसांत मी रोज मोबाईलवर स्थिती पाहायची. त्यानं काहीच लवकर होत नाही, पण मन ऐकत नाही.

सामानाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इंदूरची आई रिकाम्या हातानं जात नाही. दूध आणि मांस यांचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, मावाबाटी, बर्फी, श्रीखंडवडी, घरचं तूप, खवा घातलेली कोणतीही मिठाई घरीच ठेवायची. ताजा कढीपत्ता, मिरच्या आणि आंबेही नाहीत. बिनप्रमाणपत्राच्या ताज्या फळांत अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढीच चालतात. शेव, जाड पोहे, जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला), भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, तेलात केलेल्या तिखट-मिठाच्या पुऱ्या, गूळ, सुकवलेला कढीपत्ता हे सगळं चालतं. डबा उघडला तर समजावं म्हणून प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत नाव लिहिलेली चिठ्ठी लावली. तुपाची काळजी करू नका. तिकडे बिनमिठाच्या लोण्याची 250 ग्रॅमची वडी मिळते आणि ती कढवली की दोनशे ग्रॅमच्या थोडं आत तूप निघतं, उत्तम रवाळ.

औषधं स्वतःपुरती, जास्तीत जास्त तीन महिन्यांची नेता येतात. डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ घटकाचं नाव लिहिलेली चिठ्ठी घ्या, कारण आपल्या कंपन्यांची नावं तिकडे कुणाला कळत नाहीत. निम्मी औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.

फ्रँकफर्टला उतरल्यावर खिडकीतल्या अधिकाऱ्यानं तीन प्रश्न विचारले: कुणाकडे, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का. माझे हात गार पडले होते. मुलानं एका कागदावर पत्ता, फोन आणि परतीची तारीख इंग्रजी व जर्मनमध्ये लिहून दिली होती. तो कागद, विमा, हमीपत्राची प्रत आणि तिकीट असं एका पारदर्शक फोल्डरमध्ये गळ्यातल्या पिशवीत होतं, ते तसंच सरकवलं. दोन मिनिटांत काम झालं. आम्हाला शिक्का मिळाला. 12 ऑक्टोबर 2025 पासून मात्र शेंगेनच्या सीमांवर शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे संगणकात नोंदवण्याची पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे. म्हणजे दिवस मोजायला आता यंत्र बसलं आहे.

आम्ही पोचलो सोमवारी. गुरुवारी, 29 मे ला, गावातलं एकूण एक दुकान बंद. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी होती. दूध संपलं होतं, पाव नव्हता. पुढे 9 जूनचा सोमवार आणि 19 जूनचा गुरुवार असेच आले. रविवारी तर दुकानं कायद्यानंच बंद असतात. बेकरी काही तास उघडी, पेट्रोल पंपावरचं आणि मोठ्या स्टेशनातलं दुकान चालू, तेही महाग. आम्हा इंदूरवाल्यांना रात्री अकराला सराफ्यातल्या खाऊगल्लीत जायची सवय, इथे आठ ते दहाच्या दरम्यान दुकानांची दारं लागतात. पोचल्या पोचल्या त्या राज्याच्या सुट्ट्या भिंतीवरच्या कालनिर्णयात पेननं भरा. सुट्ट्या राज्याराज्यांत वेगळ्या असतात. आषाढी 6 जुलैला रविवारी आली, तेव्हा शहाणपण आलं होतं. साबुदाणा आणि दाणे शुक्रवारीच आणून ठेवले.

पहिल्या आठवड्यात घरातल्या तीन गोष्टी शिकून घ्या. दार, खिडकी, शेगडी.

फ्लॅटच्या दाराला बाहेरून फिरणारी कडी नसते, नुसती मूठ असते. दार ओढलं की ते बंद आणि किल्ली आत राहिली तर आपण बाहेर. कुलूपवाल्याला बोलवावं लागतं आणि रात्री, रविवारी त्याचा दर चढतो. किल्ली हरवणं त्याहून वाईट, कारण पुष्कळ इमारतींत एकच किल्ली खालच्या दाराला आणि फ्लॅटला चालते आणि हरवली तर सगळ्यांची कुलपं बदलण्याचा खर्च अंगावर येऊ शकतो. मी किल्ली गोफात ओवून गळ्यात घातली. कचरा टाकायला खाली जातानाही.

खिडकीची मूठ खाली असली की बंद, आडवी केली की दारासारखी उघडते, वर केली की वरून तिरकी होते. दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायच्या, नाहीतर फोडणीची आणि आंघोळीची वाफ भिंतीत मुरते आणि बुरशी धरते. भाडेकरारातसुद्धा हे लिहिलेलं असतं. आता घाबरवणारा भाग. खिडकी उघडी असताना चुकून मूठ वर केली, तर अख्खी काच एका कोपऱ्यातून सुटल्यासारखी अंगावर झुकते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, मोडली, पडली. पडत नाही, खालच्या बिजागरीवर ती धरलेली असते. काच हातानं सावरून बिजागरीच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीत दाबून धरायचा, खिडकी चौकटीला टेकवायची आणि मग मूठ हळूच आडवी करायची. जोर लावायचा नाही. घरात एकटं असताना हे होतंच, म्हणून मुलासमोर एकदा करून पाहा.

शेगडी विजेची. निघण्याआधी मुलाला विचारा की साधी काचेची आहे की इंडक्शन. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर आणि तवा चालणार नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच भांडं न्या. साध्या काचेच्या शेगडीवर ॲल्युमिनियम चालतं, पण बूड सपाट हवं. मधे खोलगट तवा कडेनं तापतच नाही आणि पोळी मधेच करपते. आच नसल्यामुळे फुलका तव्यावरच कापडानं दाबून फुगवावा लागतो. बंद केल्यावरही काच बराच वेळ गरम राहते, लाल खूण दिसते तोवर हात लावायचा नाही. उलट त्या उष्णतेचा फायदा घ्या: भाताचा कुकर पाच मिनिटं आधी बंद करा. साखरेचा पाक सांडला तर थंड होण्याची वाट पाहू नका. हात सांभाळून, गरम असतानाच पात्याच्या खरवडणीनं काढा, नाहीतर थंड होताना काचेचे कपचे घेऊन निघतो. फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी. पुष्कळ घरांतली चिमणी धूर बाहेर टाकत नाही, गाळून पुन्हा आतच सोडते. मिरचीचा खकाणा मधल्या बोळातल्या धुराच्या घंटीपर्यंत गेला की ती कानठळ्या बसवते.

न्हाणीघरात बहुतेक ठिकाणी फरशीला मोरी नसते. बादली-तांब्यानं आंघोळ केली तर पाणी खालच्या घराच्या छतात उतरतं. शॉवरच्या चौकोनात उभं राहूनच आंघोळ आणि नंतर काचेवरचं पाणी रबरी पट्टीनं ओढून घ्यायचं. संडासात जेट नसतो. प्लास्टिकचा टमरेल घरून न्या, लाजायचं काही कारण नाही.

कणीक त्यांच्या दुकानात शोधू नका. 405 क्रमांकाचं पीठ म्हणजे आपला मैदा. चपातीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं आणि कोथिंबिरीची भरघोस जुडी, भेंडी, हिरव्या मिरच्या, मसूर तुर्की दुकानात. नळाचं पाणी थेट प्यायचं.

कचरा हा माझ्या आवडीचा विषय. इंदूर 2017 पासून सलग सात वेळा स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं ते घरोघरच्या बायकांनी कचरा वेगळा केला म्हणून. नगर निगमच्या (महापालिकेच्या) गाडीत ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, ई-कचरा असे सहा कप्पे असतात आणि हात आपोआप त्या त्या डब्याकडे जातो. जर्मनीत भाग जरा वेगळे पडतात: ओला, कागद, पॅकिंगचं सामान (पिवळी पिशवी किंवा पिवळ्या झाकणाचा डबा), काच आणि उरलेला. डब्यांचे रंग गावागणिक बदलतात, म्हणून झाकणावरचं चित्र पाहा. ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकायचा नाही. 'विघटन होणारी' असं लिहिलेली पिशवीसुद्धा बहुतेक ठिकाणी चालत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळावा. कारण आपल्याकडच्यासारखंच: पुष्कळ ठिकाणी ओल्यापासून गॅस आणि खत होतं आणि प्लास्टिक त्यात गेलं की सगळं नासतं. इंदूरला देवगुराडियात ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प आहे, 2022 मध्ये सुरू झाला तेव्हा त्याची रोजची क्षमता 550 टनांची होती, तिथलंही दुखणं हेच. कोणता डबा कुठल्या वारी जातो त्याचं वर्षाचं कॅलेंडर घरी येतं. गाडी सकाळी लवकर येते, म्हणून डबा आदल्या संध्याकाळी रस्त्याकडेला ठेवायचा. काच मात्र गावातल्या मोठ्या पिंपांत स्वतः नेऊन टाकायची, पांढरी, हिरवी, तपकिरी वेगळी. निळी हिरव्यात जाते. फुटलेला कप आणि पाण्याचा ग्लास त्यात टाकायचा नाही, त्यांचा वितळण्याचा बिंदू वेगळा असतो. रविवारी आणि रात्री टाकायची नाही, आवाज होतो.

बाटल्यांचे पैसे परत मिळतात आणि हे काम आई-बाबांनी हक्कानं आपल्याकडे घ्यावं. पाण्याची किंवा सरबताची एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटली आणि कॅन याला 25 सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीला 8, पुन्हा वापरायच्या इतर बाटल्यांना बहुधा 15. हे पैसे विकत घेतानाच बिलात लागलेले असतात. सुपरमार्केटच्या दाराशी यंत्र असतं. त्याच्या गोल तोंडात बाटली आडवी, बूड आधी, अशी ठेवायची. आत ती गरगर फिरते, यंत्र कागदावरच्या रेघा वाचतं, आकडा दाखवतं आणि मग आत चिरडल्याचा कडकड आवाज येतो. आपल्याला रेल्वेनं शिकवलेली सवय इथे आड येते. आपण पाणी संपलं की बाटली पिळून टाकतो, कुणी पुन्हा भरून विकू नये म्हणून. पिळलेल्या बाटलीच्या रेघा यंत्राला वाचता येत नाहीत आणि ती तशीच बाहेर ढकलली जाते. तोंडानं फुंकून फुगवली की पुष्कळदा घेते. कागद सोलू नका. सगळ्या टाकून झाल्यावर बटण दाबा, चिठ्ठी निघते, ती काउंटरवर द्यायची. आठवड्याच्या बारा बाटल्यांचे 3 युरो, त्यात पाव आणि दूध येतं. भाषा न येता एकट्यानं पार पाडता येणारं हे पहिलं काम. त्यानं धीर वाढतो.

त्या भागाची खासियत म्हणजे 'केरवोखं', झाडण्याचा आठवडा. शब्दातला 'केर' ऐकून मी दचकलेच, पण जर्मनमध्ये केर म्हणजे झाडणं. याची मुळं पंधराव्या शतकातल्या श्टुटगार्टच्या नगरनियमांत सांगतात. आपली पाळी आली की दाराच्या मुठीला पाटी अडकवलेली दिसते. लहान पाळी म्हणजे आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना: पायपुसणं उचलून त्याखालचं झाडायचं, पायऱ्या पुसायच्या, कठडा आणि खिडकीची कड फडक्यानं पुसायची. मोठी पाळी म्हणजे अंगण, पदपथ आणि कचऱ्याच्या डब्यांची जागा. शनिवारपर्यंत उरकायचं, रविवारी नाही, आणि झालं की पाटी शेजारच्या दाराला. सून म्हणत होती, आई, तुम्ही पाहुण्या आहात. मी ऐकलं नाही. पाळीच्या शनिवारी जिन्यात फडकं घेऊन बसले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजींनी पहिल्यांदा थांबून विचारपूस केली.

शेजाऱ्यांशी ओळख होण्याचं दुसरं निमित्त पार्सलं. दिवसा घरात असणारी माणसं इमारतीत थोडी, म्हणून कुरियरवाला आपली बेल वाजवतो आणि शेजाऱ्याचं पार्सल देतो. नाव दारावरच्या पाट्यांशी जुळवून घ्या, सही करा, संध्याकाळी ते न्यायला येतात. जिन्यात भेटेल त्याला 'ग्र्यूस गोट' म्हणायचं. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळतात. मिक्सर, आपटणं, कुटणं तेव्हा नाही. रविवारची चटणी शनिवारी वाटून ठेवा.

दुसऱ्या आठवड्यात जरा उदास वाटतं, हे सगळ्यांनाच होतं. जून अखेरीस सूर्य साडेनऊला मावळतो. दिवेलागणीची वेळच होत नाही, जेवण होतं, भांडी होतात आणि बाहेर लख्ख ऊन. मी सातला घड्याळ पाहून देवाजवळ दिवा लावायला लागले, म्हणजे दिवस संपल्यासारखा वाटे. जुलैच्या सुरुवातीला उष्णतेची लाट आली आणि घरात पंखा नाही. सकाळी नऊलाच खिडक्या बंद करून बाहेरचे पडदे खाली ओढायचे आणि रात्री उघडायचे. माळव्यातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

फिरण्यासाठी महिन्याचा पास घ्या. देशभरच्या बस, ट्राम, मेट्रो आणि लोकल गाड्यांना चालणारं डॉइचलँड तिकीट आमच्या वेळी माणशी 58 युरो होतं, जानेवारी 2026 पासून 63 झालं. पाहुण्यांनाही मिळतं. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून परतीच्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करायला मुलाला आठवण करा. सोबत पासपोर्ट ठेवा, कारण तपासनीस नाव ताडून पाहतो. बिनतिकीट सापडलं तर 60 युरो.

पास असल्यावर घड्याळाला बांधून न घेता हिंडता येतं. आम्ही आठवड्यातून तीन दिवस डबा घेऊन निघायचो. श्टुटगार्टला मारिएनप्लाट्सहून डेगरलोखला चढणारी दातेरी चाकांची गाडी 1884 पासून आहे आणि याच पासात बसते. खिडकीतून अख्खं शहर खोऱ्यात उतरलेलं दिसतं. शहराचं मोठं ग्रंथालय म्हणजे 2011 चा चौकोनी ठोकळा, आत सगळं पांढरंशुभ्र आणि वरपर्यंत जिनेच जिने, कोणीही जाऊन बसावं, पैसे लागत नाहीत, संडासही स्वच्छ. उन्हाच्या दिवशी आमचा मुक्काम तिथे. बाड कानश्टाटला खनिज पाण्याचे झरे आहेत. पोहण्याच्या तलावात उतरायचं तर पोहण्याच्या कापडाचाच पोशाख हवा, सुती सलवार-कुडता चालत नाही. पूर्ण अंग झाकणारा मिळतो, तो इंदूरहूनच घेऊन जा. डोंगरावरच्या पायवाटांना खुणा आणि अंतराच्या पाट्या असतात, थोड्या थोड्या अंतरावर बाक असतात. फळांनी वाकलेली झाडं दिसली तरी तोडू नका. खोडाला पिवळी फीत बांधलेली असेल तर ती घेण्यासाठी खुली आहेत. बाहेरच्या संडासासाठी 50 सेंट आणि 1 युरोची नाणी वेगळ्या बटव्यात ठेवा. आणि कॉन्स्टान्सला सरोवर पाहायला गेलात तर फोनचं रोमिंग बंद करा. पलीकडे स्वित्झर्लंड आहे, फोन तिकडचं नेटवर्क पकडतो आणि युरोपीय संघाचे दर तिथे लागू नाहीत.

तब्येतीसाठी दोन नंबर स्वयंपाकघरात चिकटवले होते: जिवावर बेतलं तर 112, दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर 116117. यांची दाढ दुखली तेव्हा आधी पैसे भरून मग विम्याकडे मागावे लागले. पावतीवर निदान लिहून घ्या, त्याशिवाय दावा पुढे सरकत नाही. प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत.

20 ऑगस्टला शेवटच्या बाटल्या यंत्रात टाकल्या, पाच युरो पंचवीस सेंट आले. त्या पैशांतून बटाट्यांची पिशवी आणि दूध घेऊन ठेवलं. गळ्यातली किल्ली सुनेच्या हातात दिली. 21 ला फ्रँकफर्टच्या खिडकीत अधिकाऱ्यानं पासपोर्टची पानं उलटून 26 मे चा शिक्का शोधला, ओठांत पुटपुटत मोजलं आणि शेजारी दुसरा मारला. 88 दिवस. 22 ला रात्री घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी निगमची गाडी आली तेव्हा मी डबे घेऊन खाली उभी होते, आणि समोरच्या वहिनी गाडी जायच्या आतच विचारत होत्या, हमीपत्र म्हणजे नेमकं काय हो?